दोन ओढी, एक थांबा

३ एप्रिल

पिंकीबाई, तुमच्या हुकमाप्रमाणे लिहायला बसलोय. डायरी तीच, खताच्या दुकानाची जाहिरात असलेली, तू नीलाआत्याच्या कपाटातून ढापून माझ्या पिशवीत कोंबलेली. शाळा उघडायच्या आत तू इथं राहायला येणार, आल्या आल्या हे सगळं वाचणार, आणि पानं कोरी दिसली तर माझ्याशी बोलणं बंद, असं ठरलंय. तेव्हा ऐक.

सकाळी नवनाथकाकाने मला टेम्पोतून आणून सोडलं. नवनाथ आपल्या औशाचाच, तुझ्या बारशाला जिलेबीची परात घेऊन आडवा झाला होता तो. तळवड्याच्या ज्या वर्कशॉपचा माल तो वाहतो, तिथंच त्याने माझी वर्णी लावली. पण मला वर्कशॉपात बसायचं नाही. मी राहणार मोशीच्या मागे, एका जुन्या दगडखाणीच्या काठावर. खाण बंद पडून जमाना झाला, आता तिच्यात पाणी आहे. एवढं की पलीकडच्या काठावरची म्हैस शेळीएवढी दिसते. एकीकडे सोसायट्यांचे नवे टॉवर, दुसरीकडे क्रशरची धूळ, आणि मध्ये हे हिरवं, गप्प पाणी. चारी बाजूंनी खडकाच्या भिंती, त्यामुळे वारा सुटला तरी पाणी हलत नाही.

खोली झकास आहे. पत्र्याची असली तरी पंखा आहे, खिडकी पाण्याकडे उघडते, दारात कडुनिंब. दाराशी ताडपत्रीखाली एक मोटरसायकल उभी आहे. ती माझ्या आधी इथं असलेल्या विलासची. तो काम सोडून गेला आणि गाडी न्यायला फिरकलाच नाही म्हणे. लोक पण काय असतात एकेक.

खिडकीखालची जागा तुझी. तिथं तुझी गादी घालायची, हे आजच ठरवून टाकलं.

५ एप्रिल

आज काम समजलं. आमच्या मालकीणबाई म्हणजे विजयश्री मॅडम. आधी गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट करायच्या, आता लूर करतात. लूर म्हणजे खोटा मासा, रबराचा नाहीतर पत्र्याचा. त्याला गळ लावून पाण्यात फेकायचा आणि ओढत आणायचा. खऱ्या माशाला वाटलं पाहिजे की आपलं जेवण चाललंय.

हे लूर परदेशात जातात, पाइक नावाच्या माशासाठी. मॅडमनी फोटो दाखवला. बदकासारखं तोंड आणि आत दातच दात. थंड मुलखातल्या मोठाल्या तळ्यांत असतो. आपल्याकडे नाहीच तो. मी विचारलं, मग इथं परीक्षा कुणावर घ्यायची? मॅडम हसल्या. म्हणाल्या, मरळीवर. मरळही तशीच दबा धरून बसते आणि झडप घालते. मरळीने एकदा तोंड मारलं की लूर पास. तो लगेच पाण्यातून काढायचा, पुसायचा, डब्यात घालायचा, आणि मग जहाजाने खऱ्या माशाकडे. मरळ धरायची नाही, खायची तर नाहीच. ती फक्त परीक्षेपुरती. एवढी सुखी मासळी मी आजवर पाहिली नाही.

आता तुला लूर निवडायला शिकवतो, म्हणजे आल्यावर मला मदत करशील. आधी पाणी बघायचं. निवळ असेल तर चंदेरी लूर, गढूळ असेल तर भडक. मोठ्या साचलेल्या पाण्यात लूरही मोठा लागतो, कारण मोठा मासा चिरीमिरीसाठी जागचा उठत नाही. मग चाल. दोन ओढी, एक थांबा. दोन ओढी, एक थांबा. दुखावलेला मासा असाच पोहतो. मोठा मासा ओढीत मागे येतो आणि थांब्यात घेतो. मागे येऊन नुसताच परतला, तर काहीतरी चुकतंय. पण घाईने सगळं बदलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट. आज रंग, उद्या आकार, परवा चाल. मॅडमनी हे वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून घेतलंय.

सगळ्यात भारी लूर साच्यातला. गिऱ्हाईक त्यांच्या तळ्यातली खरी मासळी नमुना म्हणून बर्फात घालून पाठवतं, तिच्यावरून साचा निघतो, खवल्यानखवला उतरतो. नमुना नसेल तर अंदाजाने करावं लागतं, आणि अंदाजाचा लूर मासा लांबूनच ओळखतो.

गळाच्या रॉडला दोरी अशी दिली आहे की नवनाथ म्हणतो, रेडा बांधला तरी तुटायची नाही.

११ एप्रिल

हे पान तुझ्यासाठी नाही, पिंके. तू आलीस की फाडून टाकीन.

पिंकीच्या आईला, कस्तुराला, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला नीला रडली, पिंकी रडली, शेजारची माणसं रडली. मी पत्रावळी मोजत उभा. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा सुन्न लागतो, तसा मी सगळाच. जेवण जातं, झोप येते, काम होतं. आत काही हलत नाही. पिंकी फोनवर बाबा म्हणते तेव्हा तेवढं एक बोटभर काहीतरी जागं होतं. तिच्यासाठीच चाललंय सगळं. तिला इथं चांगल्या शाळेत घालायचं, वेणी घालायला शिकायचं. बाकी मला काही नको.

दुर्गाबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन येते. मूळची इथलीच. ही खाण म्हणजे तिच्या सासऱ्याचं रान. आज कडुनिंबाखाली बसून तिने सगळी हकिगत सांगितली. म्हणाली, हितं आमची हीर व्हती, हिरीवर साती आसरा. सुरुंगात हीर गेली, पर आसरा कुटं जातील बाबा, पान्यातच हायत त्या. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत ते तिनेच मांडलेले. नवा माणूस पाण्यावर आला की आसरांची ओटी भरायची, साडी, बांगड्या, नारळ, मूठभर तांदूळ, असा रिवाज. मी विचारलं, विलासने भरली होती का? न्हाई भरली, म्हणाली, आनि शेळ्या हाकत निघून गेली.

माझ्या आईचीही आसरांवर श्रद्धा होती. करून टाकावं.

१३ एप्रिल

ओटी भरली. साडी आणायला चिंचवडपर्यंत कोण जाणार, आणि गेलो तरी मला बायकांच्या वस्तूंतलं काय कळतंय. नीलाने ट्रंकेत कस्तुराची हिरवी साडी आणि काचेच्या बांगड्या घालून दिल्या होत्या, पिंकी मोठी झाली की दे म्हणून. म्हटलं पिंकी मोठी होईस्तोवर कसर लागेल. शिवाय कस्तुरा अहेव गेली. सवाष्णीची साडी, तिच्यात अशुभ काय असणार? तिला मळवट भरून नेलं तेव्हा बायका पायाच पडत होत्या.

साडीच्या पिनेत तिचा एक लांब केस अडकला होता. काढला नाही, राहू दिला.

कापड आधी तरंगतं, मग भिजतं, मग जातं. ही साडी सोडल्या सोडल्या सरळ खाली गेली, कुणी हात पुढे करून घ्यावी तशी. बांगड्या नंतर. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

१९ एप्रिल

पिंके, आज एक मरळ माझ्या हिरव्या पट्ट्यांच्या लूरमागे काठापर्यंत आली, बघितलं, आणि तोंड फिरवून गेली. लग्नात पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखी. चार दिवस हेच चाललंय. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या रंग बदला.

पलीकडच्या भिंतीशी पाण्याच्या जरा वर एक कपार आहे. तिथं आज हिरवं काहीतरी दिसलं. चिंधीएवढं. शेवाळ असेल. पण उन्हाने पाणी उतरतंय, शेवाळ वाळून पिवळं पडायला हवं. हे ओलं हिरवं होतं. मी जरा वेळ बघितलं आणि कामाला लागलो.

२३ एप्रिल

ते हिरवं मोठं झालंय. आता माणसाएवढं आहे. उभं आहे.

रंग तोच, आकार बदलला.

माझ्या लूरचाही आज आकार बदलला. दुप्पट लांबीचा लावला. मरळ आली, पुन्हा परतली.

२६ एप्रिल

दुर्गाबाईला सांगितलं की ओटी भरली बरं का, आणि साडीही साधीसुधी नाही, माझ्या बायकोची दिली. म्हटलं म्हातारी खूश होईल. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, आरं लेकरा, कोरं द्यायचं आस्तं. घडी न मोडलेलं. आंगावरचं दिलं म्हंजी मानूसच दिल्यागत झालं की रं. त्यान्ला काय ठावं व्हती तुजी बायकू? आता झाली.

मग तिने विलासचं सांगितलं. त्याने ओटी भरली नव्हती, पण त्याची आई वारली तेव्हा अस्थी आळंदीला न नेता इथंच सोडल्या होत्या. पाणी ते पाणी, म्हणाला होता. त्यानंतर तो तासन्‌तास काठाला बसून पलीकडे बघायचा. एक दिवस मोटरसायकल होती, तो नव्हता. लोकांनी काम सोडून गेला असं ठरवून टाकलं. दुर्गाबाई आता शेळ्या इकडे आणणार नाही म्हणाली. मलाही म्हणाली, जा हितनं.

मी ऐकून घेतलं. भीती वाटायला पाहिजे हे मला कळत होतं. वाटली नाही. मग भाकरी केली आणि झोपलो.

३० एप्रिल

हललं.

कपारीवरून उतरून पाण्यात आलंय, कमरेपर्यंत. हिरवी साडी, पदर डोक्यावरून. भिंतीच्या कडेकडेने चालतं. आधी मला चाल ओळखू आली नाही. मग माझ्या हातातल्या रॉडनेच ओळखली. दोनदा सरकतं, थांबतं. दोनदा सरकतं, थांबतं. माणूस असं चालत नाही. थांबलं की मान एका बाजूला कलते आणि सुटते, लूरची शेपटी पडते तशी.

म्हणजे रंग झाला, आकार झाला, आता चाल. एका वेळी एकच गोष्ट. पलीकडेही कुणीतरी माझंच काम करतंय आणि परीक्षा माझ्यावर चाललीय. शाबास रे पठ्ठे. मला हसू आलं, एकटाच हसलो.

नवनाथ डबे घेऊन आला होता. त्याला दाखवलं. त्याला नुसतं पाणी दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाला, ज्योतीरामा, तू माझ्याकडे चल बरं, चार दिवस तळवड्यात काढ, आईच्या हातचं खा. मी म्हटलं, अरे मला काय होतंय? सुन्न माशाला कुणी काय गळ लावणार? तो म्हणाला, हे असलं बोलणं मला आवडत नाही भावा. डबे उतरवून गेला.

४ मे

आज ती कस्तुराच होती.

चाल सुधारली आहे. शेवटच्या महिन्यात ती डावा हात कमरेवर ठेवून भिंत धरून चालायची, पोटात दुखायचं म्हणून. तशी खडकाची भिंत धरून आली. पार माझ्या काठापर्यंत. कुठून काढलं हे? साडीतून? केसातून? एवढं सगळं एका केसात असतं?

पदर मागे गेला. चेहरा बरोबर होता. हनुवटीवरचं गोंदण बरोबर होतं. थांबली. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती, तेवढंच चुकलं होतं. मला ते दिसलं. मी रोज हेच बघतो, कुठं काय चुकलंय. हा लूर आहे हे मला माहीत होतं, पिंकीची शपथ.

तरी मी पाण्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत. तिला नावाने हाक मारली. लग्नानंतर कधी नावाने मारली नव्हती, अगं-तुगंच होतं आमचं.

तिने एकदा पापणी मिटली. तेवढं एक राहिलं होतं, तेही दुरुस्त केलं. आणि मागे सरकत सरकत पाण्याखाली गेली. मला ओढलं नाही, हात लावला नाही. नुसतीच गेली.

मी काठावर बसून रडलो. वर्षभराचं. नाक गळेपर्यंत, पोरासारखा. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

५ मे

पाणी साफ आहे. कपारीवर काही नाही, काठाला काही नाही. दिवसभर बघितलं.

जिंकलो म्हणायचं. गळ नाकापर्यंत आला आणि मी घेतला नाही. कंटाळून गेलं ते. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखी भूक लागली, मोशीत जाऊन मिसळ खाऊन आलो. गंमत म्हणजे आज मरळीनेही तोंड मारलं. लूर पास. मी तो काढला, पुसला, डब्यात घातला. नवनाथ येऊन डबा घेऊन गेला. मॅडम फोनवर खूश.

१२ मे

आली! आली माझी पिंकीबाई!

पिंकीला म्हणे धीर धरवेना, सकाळ-संध्याकाळ बाबा-बाबा. शेवटी आज नीला पोरीला घेऊन थेट दारात. मला कळवलंही नाही, तोंड बघायचं होतं म्हणे माझं. नीला चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीला गेली, घरी म्हैस व्यायला झालीय.

पिंकीने आल्याबरोबर सगळे लूर जमिनीवर मांडले, प्रत्येकाला नाव ठेवलं. एकाचं नाव जावईबापू. खिडकीखालच्या गादीवर उड्या मारल्या. डायरी मागितली, म्हटलं उद्या. ती मधली पानं आज काढतो. तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली आणि आरशात बघून म्हणाली, बाबा, ही वेणी नाही, ही सुतळी आहे.

किती हसलो आम्ही. मला वाटतं मी बरा झालोय.

१३ मे

सकाळी ती काठावर उभी राहून कुणाला तरी हात करत होती. मी विचारलं कोण आहे गं? तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, आई आहे की. ती बघ ना.

पाणी सपाट होतं. मला काही दिसलं नाही. शपथ, काही म्हणजे काही दिसलं नाही.

मग मी पिंकीच्या डोळ्यांकडे बघितलं. तिची बुबुळं हलत होती. सरकली, सरकली, थांबली. सरकली, सरकली, थांबली.

१३ मे, दुपार

आता समजलं.

मी मासा नव्हतोच.

मी मरळ होतो. परीक्षेपुरता. म्हणून ओढलं नाही, हात लावला नाही. मी तोंड मारलं, लूर पास झाला, पाण्यातून काढला, पुसला, ठेवून दिला. ज्याच्यासाठी केला होता तो मासा यायचा होता. आईविना पोर. पाण्यातल्याला कुठून कळलं पिंकी आहे ते? मीच रोज काठावर बसून फोनवर तिच्याशी बोलत होतो. खिडकीखाली तुझी गादी, म्हणत होतो.

नमुना मी दिला. माझ्या हाताने दिला. साडी, बांगड्या, केस. आणि वर हाक मारून दाखवली की बरोबर झालंय. बाप आहे मी का कोण आहे.

नवनाथला फोन केला. चाकणला माल टाकून येतो म्हणाला. पिशवी भरली.

१३ मे, नंतर

थांबवेना म्हणून पोरीला काखोटीला मारून निघालो. क्रशरच्या रस्त्यापर्यंत गेलो असेन. मग अशी किंचाळली की – आईऽ, आईला सोडून नाही येणार – आणि माझ्या मनगटाला चावली. रक्त आलं. अंग ताठ, डोळे पांढरे. ताप एवढा की हाताला चटका. वरून हे ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही, रिक्षा आतपर्यंत येत नाहीत. डोक्यावर पाणी मारायला परत खोलीत आणली. आणल्याबरोबर शांत झाली. पाणी मागितलं, प्यायली.

नवनाथ चाकणच्या चौकात अडकलाय. कंटेनर बंद पडलाय म्हणे, पुढे-मागे सरकायला जागा नाही. तो नुसता शिव्या घालतोय. मी म्हटलं टेम्पो सोड, पायी ये. दुसऱ्या कुणालातरी पाठव. तो म्हणाला येतो भावा, येतो, पोरीला धरून ठेव.

धरून ठेवलीय.

१३ मे, नंतर

दार लावलं. कुलूप. खिडकी लावली, कडी गंजलेली आहे, तारेने बांधली. रॉडची दोरी कापून एक टोक पिंकीच्या कमरेला, दुसरं माझ्या चावलेल्या मनगटाला. रेडा बांधला तरी तुटायची नाही. पिंकी खिडकीकडे तोंड करून बसलीय. बंद खिडकीकडे.

तिला म्हटलं, पिंके, ती आई नाही. ती म्हणाली, माहितीय.

मग? म्हटलं, मग कशाला बघतेस बाळा?

म्हणाली, पण आईसारखी आहे ना.

मी तरी दुसरं काय केलं होतं. माहीत असून गुडघाभर – 

१३ मे

लिहीत राहतो म्हणजे झोप येणार नाही. काल रात्रभर पिंकीच्या गप्पांत डोळा नाही. ही पानं फाडायची होती. पिंके, तू हे वाचू नकोस. मोठी झालीस तरी नको. मोठी हो फक्त.

ती गाणं म्हणतेय. कस्तुरा म्हणायची ते, भांडी घासताना. पिंकी तेव्हा पाळण्यात होती, पुढे कस्तुराने ते म्हटलंच नाही, तिला ते आठवायला नको. एक ओळ म्हणते, थांबते. थांबते तेव्हा ऐकते. तिला पुढची ओळ कुणीतरी सांगतंय.

नवनाथचा फोन लागत नाही.

१३ मे

डोळा लागला. किती – माहीत नाही. ऊन उतरलंय.

खिडकी उघडी. तार आतून सोडवलेली आहे, नीट, वेटोळं करून गादीवर ठेवलीय. पिंकी शहाणी आहे, वस्तू जागेवर – 

पिंकी नाही.

दोरी आहे. माझ्या हाताला आहे. खिडकीवरून बाहेर, सात दगडांवरून, पाण्यात. सैल आहे. तिची चप्पल दगडावर. दोन्ही. शेजारी शेजारी.

हाका मारल्या. ओढत नाही मी, भीती वाटते, ओढलं आणि हलकी लागली तर – 

भीती वाटते. हो. आता वाटते. सगळं अंग जागं झालंय, आत सगळं हलतंय, देवा, एवढं – 

घट्ट झाली दोरी.

टोकाला वजन आहे. तिचंच. तिला खांद्यावर नेऊन नेऊन मला ते वजन माहीत आहे. जिवंत आहे. असेल.

ओढली. पुन्हा ओढली. थांबली.

पिंकी अशी ओढत नाही. ती ओढते तर ओढतच राहते, हट्टी आहे. ही ओढ मला माहीत आहे. मीच ह्या डायरीत लिहिली आहे. मला माहीत आहे हे काय आहे. मासा थांब्यात घेतो. बसून राहायचं. नवनाथ येईल. बसून – 

पाण्यातून बाबा म्हणाली. तिचाच आवाज. एकदा. मग परत.

दोन ओढी.

कुणीतरी येईल. रस्त्यावर हॉर्न वाजल्यासारखा – नाही.

दोन ओढी. थांबा.

माझी आहे ती. कशीही असली तरी – पिंके, तू म्हणालीस ना, सारखी आहे म्हणून – 

दोन ओढी. थांबली आहे. वाट बघतेय.

आलो गं बाळा, आलो, हा बघ मी